पपईचा तिरका छेद

जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. ताई संध्याकाळी घरी आली, चहाला नको म्हणाली आणि विज्ञानाचं पुस्तक माझ्यापुढे आपटलं. "हे बघ. आडवा छेद, उभा छेद. पोरं दोन्ही पाठ करतात, बाण काढतात, नावं देतात, पैकीच्या पैकी मार्क घेतात. मी आज विचारलं, हेच खोड तिरकं कापलं तर कसं दिसेल? वर्ग चिडीचूप. शेवटी एक जण म्हणतो, मॅडम, तिरकं पुस्तकात नाहीये."

ताई कळव्याच्या एका शाळेत शिकवते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. माझा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एक गाळा आहे, प्रोजेक्टर आणि सीसीटीव्ही दुरुस्तीचा. क्लासवाले, हॉलवाले आणि सोसायट्या ही माझी गिऱ्हाइकं. ज्याची दुरुस्ती परवडत नाही ते लोक माझ्याकडेच टाकून जातात, त्यामुळे गाळ्यातली अर्धी जागा भंगाराने भरलेली. ताईला ते दिसतं. "एवढं सामान उरावर घेऊन बसलायस, त्यातून एक वस्तू कर, की पोरांना हातात धरून कापता येईल."

हातात धरून कापायचं. या तीन शब्दांवर मी पुढचे दोन महिने घालवले.

डोक्यात चित्र असं होतं. टेबलावर काहीच नाही. मुलाच्या हातात पांढऱ्या सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या हलक्या पुठ्ठ्याचा तुकडा. वरून प्रोजेक्टर फक्त त्या तुकड्यावर चित्र टाकतोय. तुकडा खाली नेला की फळाचा खालचा काप दिसतो, वर आणला की वरचा, तिरका धरला की तिरका. फळ हवेत आहे असं समजायचं आणि पुठ्ठा म्हणजे सुरी.

कल्पना माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. टोरांटो विद्यापीठातल्या जॉर्ज फिट्झमॉरिस यांनी १९९३ साली 'कॅमेलिऑन' मांडला होता. तळहाताएवढा छोटा पडदा, तो हवेत कुठे आणि कसा धरलाय हे सतत मोजणारा चुंबकीय ट्रॅकर, आणि चित्र काढायला मागे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा महागडा संगणक. पडदा भिंतीवरच्या नकाशासमोर धरायचा, ज्या जागेसमोर धराल तिथली माहिती दिसणार. २००९ मध्ये जर्मनीत माग्डेबुर्गच्या लोकांनी टेबलावर साधा पुठ्ठा वर-खाली धरून एकाखालचे एक थर दाखवले. म्हणजे करता येतं हे जुनंच आहे. अडत होतं पैशापाशी. आणि महाग काय होतं, तर दाखवणं नव्हे. दाखवायला पांढरा पुठ्ठा पुरतो. पुठ्ठा कुठे आहे हे कळणं महाग होतं.

हे कोडं स्वस्तात फोडणारा माणूस मला २००८ मध्ये भेटला, म्हणजे व्हिडिओत. जॉनी चुंग ली, तेव्हा कार्नेगी मेलनमध्ये पीएचडी करत होता. निन्टेन्डो वी या खेळाचा रिमोट त्याने उलटा वापरला. त्या रिमोटच्या तोंडाशी एक इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड टिपणारा कॅमेरा असतो, तो चित्र पाठवतच नाही, फक्त चार चमकत्या ठिपक्यांच्या जागा पाठवतो, सेकंदाला शंभर वेळा. चाळीसेक डॉलरच्या खेळण्यात असा ट्रॅकर दडला होता. त्याच माणसाचं त्याआधीचं एक काम मला त्याहून आवडतं. बोर्डाच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाश-सेन्सर लावायचे आणि प्रोजेक्टरनेच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चित्रं भराभर टाकायची. आधी अर्धा पडदा पांढरा अर्धा काळा, मग चार पट्टे, मग आठ. प्रत्येक सेन्सर आपल्यावर उजेड पडला की नाही एवढंच सांगतो. दहा चित्रांत १०२४ उभ्या रांगांपैकी त्याची रांग ठरते, आणखी दहांत आडवी. कॅमेराच नको! पण बोर्डाला वायरी येतात, आणि नववीच्या पोरांच्या हातात वायर द्यायची म्हणजे दुसऱ्या दिवशी ती वायर कुणाच्या तरी कंपासपेटीत जाणार. सोडून दिलं.

मोबाइलचं मला सगळ्यांनी सुचवलं. माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तीही म्हणाली, "बाबा, फोन स्वतःच ओळखतो ना तो कुठे आहे ते." ओळखतो. कॅमेरा आणि आतले सेन्सर मिळून फोन आता हे काम चांगलं करतो. पण फोन एकाच्या हातात, बघणार एकच, बाकीचे एकोणचाळीस त्याच्या मानेवर. शिवाय ताईच्या शाळेत फोनला बंदी. आणि पडला की? सनबोर्ड पडला की उचलायचा. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, ज्या वस्तूला हात लागणार तिच्यात महागाचं काही ठेवू नये. हाताळायची वस्तू ढ ठेवायची, हुशारी छताला टांगायची.

सुरुवात मुलीने केली. चौकोनी काळ्या-पांढऱ्या खुणा छापून सनबोर्डच्या कोपऱ्यांत चिकटवल्या. अरुको म्हणतात त्यांना, ओपनसीव्ही नावाच्या फुकट प्रोग्रामच्या संचात त्या ओळखायची सोय तयार असते. लॅपटॉपसमोर झकास चाललं. प्रोजेक्टर लावला आणि बोंबललं. प्रोजेक्टरचं चित्र त्या खुणांवरच पडणार, मग काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर हिरवं, कॅमेऱ्याला खूण सापडेना. खूण सापडेना म्हणून चित्र भलतीकडे, चित्र भलतीकडे गेलं की खूण मोकळी, मग सापडली, मग पुन्हा चित्र तिच्यावर. दिवाळीच्या तोरणासारखं लुकलुक सुरू. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, डोकं दुखायला लागलं, बंद करा ते."

इथे माझा धंदा कामाला आला. सीसीटीव्हीवाल्याला रात्रीचं बघता येतं. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे उष्णता अडवणारी काच असते, त्यामुळे पडद्यावर पडणाऱ्या उजेडात इन्फ्रारेड फारसं नसतंच. म्हणजे कॅमेऱ्याला डोळ्याला दिसणारा उजेड बंद करून फक्त इन्फ्रारेड दाखवलं, तर प्रोजेक्टर काय वाटेल ते टाको, कॅमेऱ्याच्या लेखी खोलीत अंधार. त्या अंधारात चमकतील असे ठिपके बोर्डवर लावायचे की झालं.

चमकणारे ठिपके घोडबंदर रोडवर मिळतात. रात्री ट्रकच्या मागे गाडी असली की हेडलाइटचा उजेड पडून लाल-पांढरी पट्टी कशी पेटते, बघितलंय ना? तीच रेडियमची पट्टी. (तिच्यात रेडियम औषधालाही नसतं, पण दुकानात दुसरं काही मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.) तिची गंमत अशी की उजेड जिथून आला त्याच दिशेला ती परत पाठवते. म्हणून दिवा कॅमेऱ्याच्या अगदी लगत हवा. मेलेल्या बुलेट कॅमेऱ्यातली (नळकांड्यासारखा सीसीटीव्ही असतो तो) इन्फ्रारेड एलईडीची गोल प्लेट काढली, मधल्या भोकातून लेन्स बाहेर काढली, बारा व्होल्ट दिले. ट्रकच्या सामानाच्या दुकानातून पांढरी पट्टी फूटभर आणली आणि पंचिंग मशीनने ठिपके पाडले.

कॅमेऱ्यात दोन चुका केल्या. पहिली म्हणजे हाताशी होता म्हणून नेटवर्कवरचा सीसीटीव्ही कॅमेराच लावला. तो चित्र दाबून, बांधून, पाठवून लॅपटॉपला देईपर्यंत चांगला वेळ जातो. चोर पकडायला ते चालतं, चोर कालच येऊन गेलेला असतो. हाताला चालत नाही. साधा हिशोब बघा. मूल पुठ्ठा हलवतं सेकंदाला अर्धा मीटर तरी. सगळ्या साखळीत मिळून सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तर चित्र पाच सेंटिमीटर मागे. नेटवर्क कॅमेऱ्यात तर त्याच्या कितीतरी पट. पुठ्ठा इकडे, पपई माझ्या बनियनवर.

दुसरी चूक कमी पिक्सेलच्या भीतीने केली. भारीतला वेबकॅम घेतला, चित्र देखणं, सेकंदाला तीसच. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका गाळ्यात जुना प्लेस्टेशन आय मिळाला. २००७ चा व्हिडिओ गेमचा कॅमेरा, चित्र ६४० बाय ४८०, आजच्या कुठल्याही फोनपुढे भिकार. पण सेकंदाला साठ चित्रं देतो, आणि आम्हाला बघायचे होते पाच ठिपके. लेन्समागची इन्फ्रारेड अडवणारी काचेची चकती टोकरून काढली. आता उलटी, म्हणजे साधा उजेड अडवून इन्फ्रारेड सोडणारी चकती हवी. तिच्यासाठी मी माळ्यावर चढलो आणि आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह काढल्या.

रंगीत फिल्मच्या रोलची सुरुवातीची टोकं, जी कॅमेऱ्यात रोल भरतानाच उजेड लागून धुतल्यावर पार काळी होतात, ती डोळ्याला काळी दिसतात पण इन्फ्रारेडला पारदर्शक असतात. दोन तुकडे एकावर एक ठेवले की काम झालं. ब्लॅक अँड व्हाइटची निगेटिव्ह चालत नाही. तिच्यातला काळेपणा चांदीचा असतो, तो दोन्ही अडवतो. बायकोला वाटलं मी फोटोच कापतोय. टोक दाखवलं, त्यावर काही नाही हेही दाखवलं, तरी दोन दिवस ती पाकिटं तिने तिच्या कपाटात ठेवली.

ठिपके चार पुरतात. चारही एका सपाटीत, त्यांच्यातली अंतरं माहीत, मग कॅमेऱ्याला ते जसे तिरपे-जवळ-लांब दिसतात त्यावरून बोर्डाची जागा आणि कल दोन्ही निघतात. पण चार कोपरे सारखेच दिसल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं? म्हणून पाचवा ठिपका, एका कडेला, मुद्दाम मधोमध नाही असा. नंतर कळलं की मुलं बोर्ड कोपऱ्यांनाच धरतात आणि अंगठ्याखाली ठिपका गडप. मग ठिपके आत सरकवले आणि पुसणीच्या तुटलेल्या दांड्याचा वीतभर तुकडा मूठ म्हणून बसवला.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला ते कुणी विचारत नाही, पण सांगतो. कॅमेऱ्याला बोर्ड दिसतो एका जागेवरून, प्रोजेक्टर चित्र टाकतो दुसऱ्या जागेवरून. या दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. बोर्ड वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या कलाने धरायचा, प्रोजेक्टर एक फुली टाकतो, ती बोर्डवरच्या काढलेल्या फुलीवर आणायची, बटण दाबायचं. असं पंचवीस-तीस वेळा. मी धरायचो, मुलगी बटण दाबायची आणि "बाबा, हलू नका" म्हणायची. जमलं. रात्री कुणीतरी कपाटाचं दार जोरात लावलं आणि कपाटावरचा प्रोजेक्टर केसभर सरकला. परत पंचवीस वेळा. नंतर कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकाच लोखंडी पट्टीवर बोल्टने आवळले. हलले तर दोघं मिळून हलोत, आपसात नाही. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, रोज ब्रॅकेट मारणाऱ्या माणसाला तरी.

आता कापायचं काय? ताईला हृदय हवं होतं. त्यासाठी जगात एक खजिना आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा व्हिजिबल ह्यूमन प्रकल्प. देहदान केलेल्या एका पुरुषाचं शरीर त्यांनी गोठवलं, एकेक मिलिमीटर खरवडत गेले आणि दर थराचा फोटो काढला. १८७१ थर. ते १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी एका स्त्रीचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाने, पाच हजारांवर. २०१९ पासून ते वापरायला परवानाही लागत नाही. मी ताईला नमुने दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "हा माणूस कोण होता?" मी सांगितलं, टेक्सासमधला मृत्युदंड झालेला कैदी. तिने लॅपटॉप मिटला. "अकरावी-बारावीला ठीक. माझ्या पोरांना आधी फळ दे."

म्हणून पपई. जांभळी नाक्याला जाऊन तेवीस सेंटिमीटरची, अर्धी कच्ची बघून आणली. पिकलेली कापताना बिया घसरतात, म्हणून आधी फ्रीझरमध्ये टाकली. रात्रभर ठेवली तर विळीचं पातं पपईवरून घसरून माझ्या बोटाकडे आलं. दुसरी पपई चार तासच ठेवली, ती बरोबर झाली. कपड्यांच्या गजाला फोन बांधला, खाली काळं कापड, विळीशेजारी चार मिलिमीटरची लाकडी पट्टी अडसर म्हणून. काप, ठेव, फोटो, बाजूला कर. बायकोने कापलं, कारण माझ्या चकत्या एका बाजूला जाड येत होत्या. अठ्ठावन्न निघाल्या, दोन तुटल्या. अमेरिकनांनी लाखो डॉलर घालून जे केलं तेच आम्ही विळीवर केलं, फक्त आमचं नंतर खाता आलं. चार दिवस खाल्लं.

चकत्या एकावर एक रचल्या की संगणकात अख्खी पपई उभी राहते. बोर्ड जिथे आहे त्या सपाटीत पपईचा कुठला बिंदू येतो तो शोधायचा आणि रंगवायचा, बस. आडवा धरला की चकती जशीच्या तशी. उभा धरला तेव्हा चार मिलिमीटरच्या पायऱ्या दिसायला लागल्या, भिंतीच्या विटांसारख्या. मुलीने दोन चकत्यांच्या मधले रंग मिसळून घेतले, पायऱ्या पुसट झाल्या. पुऱ्या गेल्या नाहीत.

खर्चाचं सांगतो, कारण 'स्वस्त' म्हणून लोक काहीही खपवतात. कॅमेरा, सनबोर्ड, रेडियम, पट्टी, बोल्ट, दोन पपया, सगळं साडेतीन हजारांच्या आत बसलं. पण प्रोजेक्टर माझ्या भंगारातला आणि लॅपटॉप मुलीचा. ते धरले नाहीत तर ही लबाडी आहे. शाळेत आधीच प्रोजेक्टर धूळ खात पडलेला असतो, बहुतेक शाळांत असतो, म्हणून हे जमतं. नसेल तर हे स्वस्त नाही.

ऑगस्टमध्ये शनिवारी शाळेत नेलं. रिक्षात मांडीवर प्रोजेक्टर, खारीगावच्या खड्ड्यांत तो सांभाळत. वर्गाला पश्चिमेच्या खिडक्या. मी ताडपत्री नेली होती, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि कॅमेरा आंधळा होतो. नेमका पाऊस होता, ऊन नव्हतंच, मी खूश. लोखंडी पट्टी फळ्याच्या वर लावली, पंखा बंद केला (चालू पंख्याच्या पात्यांमधून चित्र पाडायचा प्रयोग घरी करून झाला होता), बोर्ड एका मुलीच्या हातात दिला. पपई दिसली. "हाऽऽ" असा आवाज आला सगळ्या वर्गातून, आणि त्याच क्षणी पपई बोर्डवरून उडून मागच्या भिंतीवर गेली.

परत आणली. परत गेली. मी लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. पाच ठिपके हवे होते, दिसत होते तीसेक. मागच्या भिंतीला खुंट्यांवर मुलांचे ओले रेनकोट टांगलेले. प्रत्येकाच्या पाठीवर रेडियमची पट्टी. शिवाय दप्तरांवर, दोन जोड बुटांवर. माझा प्रोग्राम इमानदारीने रेनकोटला पुठ्ठा समजत होता.

ताई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "चला रे, रेनकोट बाहेर." चाळीस पोरं उठली, व्हरांड्यात ढकलाढकली, पाच मिनिटं वर्ग माझ्या हातचा गेला. नंतर घरी मुलीने ठिपक्यांचा आकार आणि आपसातली अंतरं तपासून बाकीचे वगळायची सोय केली. त्या दिवशी मात्र रेनकोट बाहेरच राहिले.

मग चाललं. अधूनमधून मागे राहायचं, जोरात हलवलं की कड बोर्डवरून सांडायची. बोर्ड अगदी खाली नेला की थोडं धूसर, कारण फोकस मधल्या उंचीवर ठेवलेला. मला हे सगळं खटकत होतं. पोरांना काही नाही. त्यांनी दोन मिनिटांत शोधून काढलं की बोर्ड सावकाश हलवायचा असतो, आणि जो जोरात हलवेल त्याला बाकीचे ओरडायचे, "ए हळू, पपई सांडतेय!"

पहिल्या मुलांनी आडवा धरला. बरोबर पुस्तकातलं चित्र, मधे चांदणीसारखी पोकळी, कडेने बिया. मग उभा, तेही पुस्तकातलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आली, तिने बोर्ड खाली टोकाशी नेला, जिथे पोकळी संपते आणि नुसता गर दिसतो, आणि तिथून सावकाश वर आणायला लागली. एक बी आली. मग तीन. मग पोकळी उघडली. ती थांबली, परत खाली गेली, बी नाहीशी केली, परत आणली. असं चार-पाचदा. कुणीही घाई केली नाही. मग तिने मूठ फिरवली आणि बोर्ड तिरका केला. चांदणी लांबत गेली, एका बाजूला बिया दाट, दुसऱ्या बाजूला गर जाड.

"मॅडम, हा कुठला छेद?"

ताई म्हणाली, "तूच सांग."

"आडवा पण आहे आणि उभा पण," ती म्हणाली, आणि बोर्ड अजून थोडा कलता केला. "आता उभा जास्त आहे."

परतीच्या रिक्षात ताई गप्प होती. कळव्याचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "पपई सोपी आहे रे. पुढच्या वेळी फणस घे. त्याचं आत काय चाललंय ते मला पण नीट माहीत नाही."

घरी येऊन सांगितलं. बायकोने विळी उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "चीक तुम्ही काढायचा."